धान्यांच्या वाणांचीं नांवें आणि बीजांतील साक्ष

जुन्या ग्रंथांत किंवा दप्तरांत एखाद्या धान्याच्या जातीचें नांव आढळलें, आणि तेंच नांव आज शेतकऱ्याच्या तोंडीं ऐकूं आलें, म्हणजे ती जात तेव्हांपासून आजपर्यंत अखंड चालत आली असें अनुमान करण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकास होतो. हें अनुमान कितपत टिकणारें आहे, आणि तें पारखण्यास अलीकडे जें एक नवें साधन उपलब्ध झालें आहे त्याची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. हें साधन म्हणजे बीजांतील डी. एन. ए. या द्रव्यावरील खुणा. त्यांस शास्त्रज्ञ 'मार्कर' म्हणतात. विषय वरवर शेतकीचा व रसायनाचा दिसत असला तरी त्यांतला प्रश्न आमच्या मतें मूळचा आपलाच, म्हणजे पुराव्याचा, आहे.

प्रथम नांवांचें स्वरूप पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानविधि सांगतांना शूकधान्यांत रक्तशालि, महाशालि, कलम इत्यादि अनेक शालींचीं नांवें दिलीं असून त्यांत रक्तशालीस श्रेष्ठ म्हटलें आहे. षष्टिक हा शब्द पाणिनीनें साठ रात्रींत पिकणारें या अर्थीं साधिला आहे. इसवी सनाच्या सातव्या शतकांत ह्युएनत्संग नालंदा येथें राहिला असतां त्यास महाशालि नांवाचा मोठ्या दाण्याचा सुवासिक तांदूळ मिळत असे, व तो मगधाबाहेर होत नसे, असें त्याच्या चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. पंजाबांत वारिसशाहाच्या 'हीर' या काव्यांत (इ. स. १७६६) बासमतीचें नांव येतें. आपल्याकडे मावळ-मुळशीचा आंबेमोहोर तर सर्वांच्या परिचयाचा आहे. आतां या नांवांकडे नीट पाहिलें म्हणजे असें दिसून येईल कीं, हे बहुतेक सर्व गुणवाचक शब्द आहेत. रक्त म्हणजे तांबडा, महा म्हणजे मोठा, साठ दिवसांचा तो षष्टिक, वास असणारी ती बासमती, आंब्याच्या मोहोरासारखा दरवळणारा तो आंबेमोहोर. गुणावरून पडलेलें नांव तो गुण अंगीं असलेल्या कोणत्याही वाणास चिकटूं शकतें. उलटपक्षीं एकच वाण दोन तालुक्यांत दोन नांवांनीं वावरूं शकतो. शाळेंत मुलांस अर्थ सांगतांना कोशांतला 'धान्यविशेष' हा शब्द पुरतो. संशोधनास तो पुरत नाहीं.

नांव अपुरें म्हणून दाण्याचें रूप पाहावें, तर तेंही पुरें पडत नाहीं. दाण्याची लांबी, तुसाचा रंग, कुसळ, रोपाची उंची, पिकण्याचे दिवस या लक्षणांवर आजवर वाण ओळखीत आले आहेत. परंतु यांतील कित्येक लक्षणें जमिनीच्या व पावसाच्या मानानें बदलतात, आणि एकमेकांशीं कांहीं नातें नसलेले दोन वाण एकसारखे दिसूं शकतात. १९२८ सालीं जपानांत कातो यांनीं निरनिराळ्या भातांचे संकर करून, कोणत्या जोडीची संतति वांझ निघते यावरून भाताचे इंडिका व जापोनिका असे दोन मोठे वर्ग पाडले. पुढें १९८७ सालीं ग्लाझमान या फ्रेंच शास्त्रज्ञानें आशियांतील १,६८८ वाण घेऊन त्यांच्या पेशींतील विकर द्रव्यांचे भेद पंधरा ठिकाणीं तपासले आणि वाणांचे सहा गट बसविले. त्यांत बासमती व तिच्यासारखे कांहीं भात पांचव्या गटांत पडले. शेजारच्या शेतांत उभ्या असलेल्या नेहमींच्या इंडिका भातांच्या गटांत ते पडले नाहींत. प्रांत एक, पण कूळ निराळें, असा हा प्रकार होता.

त्यानंतर अनुमान प्रत्यक्ष मूळ लेखावरून करतां येऊं लागलें. मूळ लेख असें आम्ही जाणूनबुजून म्हणतों, कारण हा विषय समजावून देण्यास पोथ्यांइतका सोईचा दृष्टांत आम्हांस दुसरा आढळत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें जें प्रचंड काम केलें, त्यांत पोथ्यांचीं कुळें कशीं ठरविलीं हें वाचकांस ठाऊकच आहे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा असला तर त्यावरून फारसें कांहीं सिद्ध होत नाहीं. पण दोहोंत एकाच जागीं एकच ओळ गळाली असेल, तर त्या एका मातृकेवरून उतरल्या असें मानण्यास बळकट आधार मिळतो. बीजाचेंही तसेंच आहे. भाताच्या पेशींत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात, आणि एका संचांत मिळून सुमारें एकोणचाळीस कोटि अक्षरांचा मजकूर चारच अक्षरांच्या वर्णमालेंत लिहिलेला असतो. एका जपानी वाणाचा हा मजकूर अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं वांटून घेऊन वाचला व तो २००५ सालीं प्रसिद्ध झाला. अकराव्या गुणसूत्राच्या वाचनांत हिंदुस्थानचाही वांटा होता. प्रत्येक पिढींत या मजकुराची नक्कल होते, आणि नक्कल करतांना क्वचित् चूक होते. ती चूक पुढील संततींत तशीच उतरत जाते.

सर्व मजकूर वाचण्याची मात्र प्रत्येक वेळीं गरज नसते, कारण त्याचा बहुतेक भाग सर्व वाणांत सारखाच असतो. ज्या जागीं भेद पडण्याचा संभव अधिक, त्या जागा निवडून तेवढ्याच तपासावयाच्या. अशा जागांपैकीं एका प्रकारास सूक्ष्म-उपग्रह असें चमत्कारिक नांव पडलें आहे. तेथें दोन-तीन अक्षरांचा एखादा तुकडा लागोपाठ पुष्कळ वेळां आलेला असतो. वहीभर रामनाम लिहिणाऱ्याची गणती जशी चुकते, तशी अशा ठिकाणीं नकलेची गणती चुकते, आणि एका वाणांत तो तुकडा बारा वेळां तर दुसऱ्यांत सतरा वेळां आढळतो. ही गणती हीच वाणाची खूण.

ती मोजण्याची रीत थोडक्यांत अशी: पान किंवा दाणा कुटून त्यांतील डी. एन. ए. वेगळें काढावयाचें, मग हवी ती जागा तेवढी वाढवावयाची. वाढविण्याची ही युक्ति, जिला पी. सी. आर. म्हणतात, १९८३ सालीं अमेरिकेंत कॅरी मलिस यांनीं शोधून काढली, व १९९३ सालीं त्यांस तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. तींत मिश्रण आळीपाळीनें तापवितात व निववितात. प्रत्येक फेऱ्यांत त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात, म्हणजे हिशेबानें तीस फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून अधिक. पुढें हे तुकडे खळीसारख्या पातळ थरांतून विजेच्या योगें ओढले कीं आंखूड तुकडा पुढें जातो, लांब मागें राहतो, आणि पट्ट्यांच्या जागेवरून लांबी कळते. यासाठीं एक दाणाही पुरतो, व तो कोणत्या शेतांत वाढला, पाऊस किती झाला, यावर निकाल अवलंबून राहत नाहीं. वर सांगितलेल्या जुन्या लक्षणांपेक्षां याची थोरवी यांतच आहे.

तथापि, एका जागीं खूण जुळली एवढ्यावरून वाण एक ठरत नाहीं. भिन्न कुळांतही गणती योगायोगानें सारखी होऊं शकते. समजा, एका ठिकाणीं अशी जुळणी चारांत एकदां होते. तर एकमेकांशीं असंबद्ध अशा दहा ठिकाणीं ती एकाच वेळीं होण्याचा संभव दहा लाखांत एकाहूनही कमी उरतो. म्हणून खुणा अनेक, आणि निरनिराळ्या गुणसूत्रांवरील, घ्याव्या लागतात. दुसरी अडचण संकराची. दोन मातृका समोर ठेवून लिहिलेली पोथी वंशवृक्षांत कोठें बसवावी हा संपादकास जसा पेंच पडतो, तसाच पेंच संकरित वाणानें पडतो. भाताचें फूल बहुतेक आपल्याच परागानें फळतें, म्हणून भाताच्या बाबतींत पोथीचा दृष्टांत बराच दूरवर चालतो. बाजरीसारख्या परपरागी पिकास तो लावूं नये. तेथें शेतांतलें प्रत्येक ताट म्हणजे निराळी पोथी, आणि एका दाण्यावरून वाणाबद्दल बोलणें धाडसाचें होय.

आतां या साक्षीचा उपयोग प्रत्यक्षांत कसा झाला हें बासमतीच्या उदाहरणावरून पाहूं. लाहोरजवळील काला शाह काकू येथील शेतकी केंद्रानें जुन्या देशी बियाण्यांतून निवडलेला 'बासमती ३७०' हा वाण १९३३ सालीं प्रसृत झाला. तें केंद्र आज पाकिस्तानांत आहे. पुढें १९८९ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें संकरानें तयार केलेला ठेंगणा 'पुसा बासमती १' आला. दोहोंचें नांव बासमती. हैदराबाद येथील डी. एन. ए. विषयक केंद्रांत जे. नागराजु व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या दोन्ही प्रकारचे वाण व बासमतीखेरीज इतर भात एकत्र तपासून २००२ सालीं निकाल प्रसिद्ध केला. परंपरागत बासमती वाण एकमेकांशीं अत्यंत निकट निघाले. संकरानें झालेले वाण त्यांपासून दूर पडले; त्यांतले कांहीं तर बासमतीपेक्षां इतर भातांच्याच अधिक जवळ होते. ब्रिटनच्या अन्नविषयक सरकारी खात्यानें याच सुमारास तेथील दुकानांतून बासमती म्हणून विकल्या जाणाऱ्या तांदुळाचे नमुने अशाच परीक्षेस लाविले, तेव्हां जवळजवळ निम्म्या नमुन्यांत दुसऱ्या तांदुळाची भेसळ आढळली. २००५ सालीं तेथील व्यापारी संघांनीं जे नियम घालून घेतले त्यांत अशा मिश्रणाची मर्यादा शेंकडा सात ठरविण्यांत आली. पुण्याच्या बाजारांत आंबेमोहोर म्हणून मिळणारा प्रत्येक तांदूळ मुळशीचा नसतो, हें येथील गृहिणींस कोणत्याही यंत्राशिवाय भात शिजतांनाच कळतें. पण नाकाची साक्ष न्यायालयांत चालत नाहीं, पट्ट्यांची चालते.

यापेक्षांही इतिहासाच्या दृष्टीनें मोलाची गोष्ट सुगंधाची. तांदुळास वास देणारें द्रव्य १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ओळखलें गेलें. तें निर्माण होण्यास आठव्या गुणसूत्रावरील एक जनुक बिघडावें लागतें, असें २००५ सालीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. हें जनुक शाबूत असेल तर वास येत नाहीं. सुगंधी वाणांत त्यांतील आठ अक्षरें गळालेलीं आहेत. म्हणजे ज्या सुवासाची एवढी कीर्ति, तो नकलनविसाच्या प्रमादाचें फळ होय! बासमतींत आणि थायलंडच्या सुवासिक तांदुळांत गळालेलीं अक्षरें तींच व त्याच जागेवरचीं आहेत. अर्थात् चूक एकदांच झाली व तेथून पसरली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासांत, ही चूक प्रथम जापोनिका कुळांत झाली व आजूबाजूच्या मजकुरासह बासमतींत उतरली, असा निष्कर्ष निघाला. पंजाबच्या लांब दाण्याचें नातें जपानी आंखूड, चिकट दाण्याच्या कुळाशीं जुळावें, हें डोळ्यांच्या साक्षीनें कोणीही मानलें नसतें. त्याच अभ्यासांत असेंही आढळलें कीं, दुसऱ्या कांहीं सुवासिक भातांत तें जनुक निराळ्याच जागीं बिघडलें आहे. म्हणजे सुगंध एकाहून अधिक वेळां स्वतंत्रपणें उत्पन्न झाला. तेव्हां वासावरून पडलेल्या नांवाचें साम्य हें कुळाच्या साम्याचें गमक होऊं शकत नाहीं, हें वर केवळ तर्कानें म्हटलें होतें तें येथें वस्तुतः सिद्ध होतें. ह्युएनत्संगाचा महाशालि सुवासिक होता एवढ्यावरून तो बासमतीचा पूर्वज ठरविण्याचा प्रयत्न कोणी करील, तर त्यास आमचा हाच आक्षेप राहील.

परंतु याच उदाहरणांत या साक्षीची मर्यादाही दिसते. पट्ट्या कूळ सांगतात, नांव सांगत नाहींत. पुसा बासमती १ यास बासमती म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न प्रयोगशाळेनें सुटला नाहीं. बीजविषयक कायद्यान्वयें त्याची बासमती म्हणून नोंद झाली, म्हणून तो बासमती. १९९७ सालीं एका अमेरिकन कंपनीस बासमतीच्या वाणांबद्दल पेटंट मिळालें, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें २००० सालीं हरकत घेतली व त्यांतील बहुतेक मागण्या मागें घेतल्या गेल्या किंवा रद्द झाल्या. २०१६ सालीं हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशासाठीं भौगोलिक निर्देश म्हणून या नांवाची आपल्याकडे नोंदणी झाली. आजऱ्याचा घनसाळ व मुळशीचा आंबेमोहोर यांसही असाच निर्देश मिळाला आहे. हे सर्व निर्णय माणसांचे आहेत, आणि त्यांचा आधार लोकांत चालत आलेला वापर व लेख हा आहे.

नांव व कूळ यांची सांगड कशी घालावी याचा उत्तम धडा भाताच्या नव्हे, द्राक्षाच्या एका प्रकरणांत मिळतो. म्हणून थोडें विषयांतर पत्करून तें देतों. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं झिन्फान्डेल नांवाच्या द्राक्षाची मोठी लागवड आहे. तें युरोपांतून कोठून आलें हें कोणास सांगतां येत नव्हतें. इटलीच्या दक्षिणेस प्रिमितिव्हो नांवाचें द्राक्ष त्यासारखें दिसे. कॅरोल मेरेडिथ या विदुषीनें १९९४ च्या सुमारास मार्करांच्या साह्यानें दोन्ही एकच असल्याचें दाखविलें. कित्येकांचा तर्क क्रोएशियांतील प्लाव्हाक माली या द्राक्षावर होता. मेरेडिथ यांनीं तेथील पेयिच व मालेतिच या शास्त्रज्ञांसह १९९८ पासून शोध केला, तेव्हां प्लाव्हाक माली हें झिन्फान्डेल नसून त्याचें अपत्य निघालें. शेवटीं २००१ सालीं समुद्रकांठच्या एका गांवच्या जुन्या मळ्यांत खुद्द तें द्राक्ष सांपडलें. वेली उरल्या होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि नांव होतें केवळ त्या गांवापुरतें. आतां पंधराव्या शतकांतील तेथील कागदांत त्रिबिद्राग नांवाच्या द्राक्षाचा उल्लेख आहे. तें हेंच, असें कशावरून? हा सांधा जुळविला स्प्लित येथील संग्रहालयांतील एका वाळविलेल्या डहाळीनें. सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं कोणा अभ्यासकानें ती कागदावर चिकटवून खालीं त्रिबिद्राग असें नांव लिहून ठेविलें होतें. त्या वाळक्या पानांतून डी. एन. ए. काढून २०११ सालीं तपासलें. तें झिन्फान्डेलशीं जुळलें.

या प्रकरणांत पुराव्याच्या तीन कड्या आहेत: जुना कागद, जिवंत वेल, आणि नांवासह जपलेलें पान. पहिल्या दोन कड्या तिसरीवांचून एकमेकींस कधींच मिळाल्या नसत्या. आमच्या मतें आपल्या प्रांतांतील अभ्यासकांनीं घेण्यासारखें जें आहे तें हेंच. मुंबई इलाख्याचीं जुनीं गॅझेटियरें १८७७ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांच्या शेतकीवरील प्रकरणांत स्थानिक भातांचीं नांवें आहेत, पण नांवांबरोबर दाणा नाहीं. कोंकणांत व मावळांत वृद्ध शेतकऱ्यांजवळ अजून दाणा आहे, पण सरकारी संकरित बियाणें आल्यापासून तो झपाट्यानें मागें पडत आहे. दाणा गेल्यावर गॅझेटियरांतलें नांव वाचतां येईल, उकलतां येणार नाहीं. उत्खननांत सांपडणाऱ्या जळक्या दाण्यांवरही फार भिस्त ठेवतां येत नाहीं. आंच लागलेल्या दाण्यांत व आपल्या उष्ण, दमट हवेंत हें द्रव्य क्वचितच टिकतें.

वाणांतील विविधता मोजण्याकडेही या खुणांचा उपयोग होतो, त्याबद्दल दोन शब्द. एका जागीं किती निराळ्या गणत्या आढळतात, आणि त्या किती प्रमाणांत वांटल्या आहेत, यावरून एखाद्या प्रांताच्या किंवा संग्रहाच्या ठेव्याची श्रीमंती मापितां येते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या बीजकोशांत सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. अशा ठिकाणीं एकच वाण चार नांवांनीं आला आहे काय, हें पाहण्यास दुसरा मार्ग नाहीं. अलीकडे एकेका अक्षराचे भेद मोजण्याची रीत रूढ झाली असून, ८९ देशांतील ३,०१० भातांचा सबंध मजकूर तुलून काढलेला वंशवृक्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु जुना देशी वाण हा कारखान्याच्या मालासारखा एकजिनसी नसतो. एकाच शेतकऱ्याच्या कणगींतील दाण्यांत थोडाफार भेद असतोच, आणि तो भेद हाच त्या वाणाचा विमा. एका वर्षीं पाऊस दगा देतो तेव्हां त्यांतलीं कांहीं रोपें तरतात. २००१ च्या वाणसंरक्षणाच्या कायद्यांत शेतकऱ्यांच्या वाणांस नोंदणीची सोय आहे ही चांगली गोष्ट. पण एकरूपतेची कसोटी अशा वाणांस फार कडक लावली तर जें जपावयाचें तेंच गाळून टाकण्याचा प्रसंग येईल.

म्हणून ज्या सभासदांचा खेड्यापाड्यांशीं संबंध आहे त्यांस आमची सूचना अशी कीं, जुन्या कागदांत आढळलेलें भाताचें नांव गांवीं ऐकूं आलें तर तें टिपून घेऊन थांबूं नये. निरनिराळ्या वीस-पंचवीस लोंब्यांचे दाणे वेगवेगळ्या पुड्यांत घ्यावे; पुडीवर गांव, शेताचा प्रकार, पेरणीचा व कापणीचा महिना, वाण त्या घरांत किती पिढ्या आहे, आणि शेजारच्या गांवीं त्यास काय म्हणतात, हें लिहावें; दाणे उन्हांत नव्हे, सावलींत वाळवावे. नांव उच्चाराप्रमाणें लिहावें, शुद्ध करूं नये. आम्हां संस्कृतज्ञांस हें जड जातें, तरी शुद्ध केलेल्या नांवानें पुढील शोधकाची वाट बंद होते.

षष्टिकाचा प्रश्न अशा रीतीनें कोठवर सुटेल हें पाहण्याजोगें आहे. केरळांत नवरा नांवाचा लौकर पिकणारा भात आहे. तेथील वैद्य त्यासच षष्टिक मानून पिंडस्वेदासाठीं वापरतात. उत्तरेंत साठी नांवाचे भात आहेत. हे सर्व एका कुळाचे आहेत काय, हें मार्कर निश्चित सांगूं शकतील. ते एक निघाले तर एकच लौकर पिकणारें बीज देशभर फिरलें असें म्हणण्यास आधार मिळेल. भिन्न निघाले तर जेथें जो भात साठ-सत्तर दिवसांत आला त्यास हें नांव लागलें असें मानावें लागेल. चरकाचा षष्टिक यांतला कोणता, हें मात्र पट्ट्यांनीं ठरणार नाहीं. त्या काळचा नामांकित दाणा कोणापाशीं नाहीं. चरकानें षष्टिकांत गौर श्रेष्ठ व त्याखालोखाल कृष्णगौर असे भेद सांगितले आहेत, आणि नवऱ्याच्याही पिवळ्या तुसाची व काळ्या तुसाची अशा दोन जाती आहेत. हें साम्य टिपून ठेवण्यासारखें आहे. पण रंग हाही गुणच, आणि गुणवाचक शब्दांबद्दल वर जें म्हटलें तें येथेंही लागू आहे.